उमरटोलीचा भुऱ्या टोकियोत

१९ जानेवारी, रवि.
सकाळी नागपूरहून मुंबईच्या एका गॅलरीतल्या तन्वी नावाच्या मुलीचा फोन. जपानी चित्रकाराला घेऊन सावलीला येतेय, दोन दिवस दुभाष्या हवा. म्हटलं, मला जपानी येत नाही. म्हणाली, त्यांना इंग्रजी येतं, तुम्हाला इथली बोली येते, झालं की. वार्ताहर माणूस बोलावला की येतो, ही कीर्ती मुंबईपर्यंत पोचलेली दिसते.

नाव कुवाबारा. पन्नाशीचा, म्हणजे माझ्याच वयाचा, पण केस निळे. सौ. दारातून पाहून आत गेली आणि हसून घेऊन पुन्हा बाहेर आली. टोकियोत याची स्वतःची इमारत. वरच्या मजल्यावर चित्रं नि पुतळे, खालच्या मजल्यावर त्याच चित्रांच्या पिशव्या, मोजे, किल्ल्यांना अडकवायची बाहुली. विचारलं, दोन्हींत फरक काय? म्हणाला, "जिना." माणूस आवडला.

दुपारी मार्कंडा. मी देवळाच्या भिंतीवरच्या शिल्पांचं शास्त्र सांगत होतो, तो नंदीच्या गळ्यातल्या घंटांचे फोटो काढत होता. कुणीच कुणाचं ऐकलं नाही. दोघांनाही समाधान.

२० जाने., सोम.
उमरटोली. लटारीभाऊ सुतारांकडे. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी ओढायचे, लाकडी बैल करणारा आता या भागात हा एकच. "करणारा" हेही तितकंसं खरं नाही. गावात बैल एकोणीस. पोर दहा वर्षांचं झालं की बैल लटारीभाऊंकडे परत येतो, डागडुजी होऊन दुसऱ्या घरच्या लहान पोराकडे जातो. लाकूड शिवणीचं, टिकतं. काही बैल लटारीभाऊंच्या आजाच्या हातचे.

फळीवर त्यातलाच एक, भुऱ्या होता. यंदा परत आलेला. अंगावर रंगाचे सात-आठ थर, कुठे निळा निघालाय, कुठे गेरू. कुवाबारा त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसला, तासभर. मग किंमत विचारली. लटारीभाऊ दुखावले.
"बैल इकते का कोणी?"
मी सांगितलं, विकायचा नाही म्हणतात.
मग त्याने विचारलं, नेऊ का?
"न्या ना बापा. पाव्हणे हायेत."
हेही सांगितलं. शब्दाला शब्द. निघताना कुवाबाराने पेटीतून जपानी करवत काढून त्यांच्या हातात दिली. ओढताना कापते, ढकलताना नाही. लटारीभाऊ पोरासारखे खूश. "उलटी चालते राजेहो!"

२४ जाने., शुक्र.
बातमी लागली, पान पाच. शीर्षक: "जपानी कलाकाराला काष्ठनंदी भेट". काष्ठनंदी शब्द माझा. भेट हाही माझाच, चौथ्या ओळीतून डेस्कने वर उचलला. तन्वीने कात्रण मागितलं, पाठवलं.

२६ फेब्रु., बुध. महाशिवरात्र
मार्कंड्याची जत्रा, नेहमीची बातमी, नेहमीची गर्दी. दर्शनाच्या रांगेत लटारीभाऊ भेटले.
"मास्तर, कुवाभाऊले सांगजा, पोळ्याच्या आठ दिवस आधी भुऱ्या आणून द्याले. चाकं पाहा लागतीन."
मी "सांगतो" म्हणालो.

पोळ्याआधी सगळे बैल डागडुजीला परत येतात, पाहुण्याने नेलेला असो की मामाने. हे इथे कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या पाठशाळेत याला अध्याहार म्हणत: वाक्यात नसलेलं, पण सगळ्यांनी धरून चालायचं. कुवाबारा कशाला धरेल? आणि मला तर माहीत होतं. त्या दिवशी बोललो का नाही? बहुधा बातमी डोक्यात होती.

उद्या मेल करतो.

३ मार्च, सोम.
मेल केला नाही. दहावीची पोरं संस्कृतच्या शिकवणीला, रूपं पाठ नाहीत.

११ मे, रवि.
लटारीभाऊंची मुलगी वैशाली गडचिरोलीला नर्स आहे. तिने फोटो पाठवला. "सर, हा आपला भुऱ्या नं?"

टोकियोतलं प्रदर्शन. दहा फुटी बैल, गुलाबी, अंगभर सोनेरी फुलं, फुलांना डोळे, डोळ्यांत हसू. बाजूला दुकान, त्यात तोच बैल बोटाएवढा, शेकड्यांनी.

सावलीहून थेट उमरटोली. लटारीभाऊंनी माझा फोन हातात घेऊन दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.
"हा पाय पाहा. डावा, समोरचा."
तीन वर्षांमागे तो मोडला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी घाईत बसवला, बोटभर आखूड राहिला.
"थे सुधरवाचं राह्यलं होतं माह्याकडून. याने दहा फुटाचा केला, त चूक बी हातभर झाली. सारं जपान पाहून राह्यलं."

मग विचारलं, खरा कुठी हाये? फोटोच्या कोपऱ्यात होता. काचेच्या पेटीत.
"काचेत काऊन? बिमार हाये का?"

तेव्हा सगळं सांगितलं. भुऱ्या परत येणार नाही, कुवाबाराने ती भेट समजली, मी तशीच लिहिली. लटारीभाऊ उठले. आत गेले, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली करवत घेऊन आले.
"मी त परत द्याची म्हणून वापरली बी नाई."

१२ मे, सोम.
सावलीच्या बाजारात इंदूबाईने गाठलं. ढिवराची बाई, उमरटोलीच्या तळ्याची मासळी विकते. नात चिमी चार वर्षांची. यंदा भुऱ्या तिच्याकडे यायचा आहे, लटारीभाऊंनी गेल्या पोळ्यालाच शब्द दिलेला.
"काहो मास्तर, पेपरात लिवून माह्या नातीचा बैल तुमी जपानले वाटला म्हणे."
"वाटला नाही, बाई. गैरसमज..."
"मंग का उडून गेला? पंख त लटारीने लावले नसतीन."
शेजारची भाजीवाली मेथी निवडायची थांबली.
"चिमीले मी का सांगू? तुमी येऊन सांगजा. तुमाले संस्कृत येते, तिले रडू येते. पाहू कोण जितते."
अर्धा किलो बोटरं मासळी घेऊन निघालो. घरी सौ. म्हणाली, दंड कमीच झाला.

१४ मे, बुध.
सौ.चा साधा प्रश्न: लटारीभाऊ नवा बैल का करत नाहीत? हाच त्यांना विचारला.
"भुऱ्या मेला का?"
नाही.
"मंग? एक सडते, त्याले वैनगंगेत सोडते, तवा दुसरा होते. जिता असताना त्याच्या जागी दुसरा करू? अन उद्या भुऱ्या आला, त त्याले का सांगू? तुही जागा भरली?"
म्हणजे नवा केला तर भुऱ्याला मेला म्हणावं लागतं. नाही केला तर चिमी रिकाम्या हाताने, आणि लटारीभाऊंचा शब्द पडला. एवढ्या वर्षांत एकदाही पडलेला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. वैशालीने सांगितलं.

कुवाबाराला मेल. जानेवारीत बोलायला हवं होतं ते सगळं. तीन पानं झाली. क्षमा दोनदा मागितली, एकदा पुरली असती.

२ जून, सोम.
उत्तर आलं, कुवाबाराचं नाही, वकिलाचं. नंदी ही भेट होती, सोबत पुरावा जोडला आहे. उघडला. माझंच कात्रण. खाली इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतर माझ्या मराठीपेक्षा चांगलं.

८ जून, रवि.
संपादकांना शुद्धिपत्र मागितलं.
"साडेचार महिन्यांनी? नावात चूक होती का?"
"नाही. क्रियापदात."
"कशात?"
"त्यांनी दिला नव्हता. नेऊ दिला होता."
फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, दोन ओळी पाठवा.

११ जून, बुध.
लागलं. पान नऊ, निविदा-सूचनांच्या खाली. भिंगातून वाचण्याजोगं. तन्वीला पाठवलं, मूळ पान मोठं करून.

२९ जून, रवि.
कुवाबाराचा स्वतःचा मेल. चारच ओळी. मला ठाऊक नव्हतं. बैल वर्षअखेरपर्यंत संग्रहालयाशी केलेल्या करारात बांधलेला आहे. हुबेहूब प्रत करून पाठवतो, केसाचाही फरक पडणार नाही. चालेल का विचारा.

विचारलं. लटारीभाऊ रंधा मारत होते, थांबले नाहीत.
"त्याच्यात पाय बी तसाच आखूड राहीन नं?"
"हो. हुबेहूब म्हणजे तसंच."
"मंग मीच करतो की. चुकवता मलेबी येते."

हे त्याला जसंच्या तसं पाठवलं. आता काहीही गाळत नाही. मागे एकदा गाळून पाहिलं आहे.

१७ जुलै, गुरु.
सावलीच्या बाजारात प्लास्टिकचे गुलाबी बैल आले. फुलं, डोळे, हसू, सगळं. कुवाबाराची नक्कल कुणीतरी कुठेतरी पाडून चंद्रपूरच्या ठोक बाजारात ओतली. कुवाबाराने उचललं, त्याचंही उचललं गेलं. हिशेब इथे मिटायला हरकत नव्हती, पण चिमीला त्याचा उपयोग नाही.

इंदूबाई: "घेऊन देल्ला तिले एक. दोन दिसांत पाय तुटला."
"कुठला?"
"डावा. समोरचा."
लटारीभाऊंना सांगितलं. पहिल्यांदाच हसले या प्रकरणात.

५ ऑगस्ट, मंगळ.
तन्वीचा फोन. आवाजात आनंद आणि धसका. कुवाबाराने संग्रहालयाशी भांडून भुऱ्याला सोडवलंय. उसना. पोळ्याला येणार, त्यानंतरच्या सोमवारी परत. सोबत ती. अटी: हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. पाणी लागू द्यायचं नाही. कोणताही बदल नाही. जमिनीवर टेकवायचा नाही.
"चाकं आहेत त्याला," मी म्हटलं.
"हो, पण..." ती अटी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

इंदूबाईला सांगितलं. "माह्याच नातीचा बैल माह्याच नातीले उसना? वा रे जपान!" पण त्या दिवशी तिने मासळी तोलताना काटा माझ्या बाजूने झुकू दिला.

२० ऑग., बुध.
भुऱ्या आला. नागपूरहून बंद गाडीत, तन्वीपेक्षा उंच लाकडी खोक्यात. खोक्यात खोकं, त्यात फोम, फोमात भुऱ्या. अख्खं उमरटोली अंगणात. लटारीभाऊ आधी खोक्याचं लाकूड पाहत होते. "चांगलं हाये. याच्यात चार बैल निंगतीन."

तन्वीने पांढरे हातमोजे चढवले. म्हातारा पांडू मागून म्हणाला, "बाई, जनावर गाभण हाये का?"

लटारीभाऊंनी हात पुढे केला. तिने दुसरी जोडी दिली. त्यांनी ती पाहिली, खिशात ठेवली, आणि भुऱ्याला उघड्या हातांनी उचलून पाटावर उताणा केला. चाकं फिरवली. मग डावा पाय. तिथेच अंगठा ठेवून बराच वेळ.

तन्वी माझ्याकडे: "सर, प्लीज त्यांना सांगा, बदल नाही करायचा."
सांगितलं.
"हा बदल नाई. हे राह्यलेलं काम हाये."
हेही सांगितलं.

२१ ऑग., गुरु.
तन्वी मुंबईला फोन लावायला तळ्याच्या पाळीवर, तिथेच रेंज मिळते. लागला नाही. परत आली तेव्हा लटारीभाऊंच्या हातात जपानी करवत. ती ओरडली. ते शांतपणे म्हणाले, "कुवाभाऊची हाये ही. तेच कापून राह्यले, मी नाई."

जुना पाय निघाला. नवा त्यांनी मेपासूनच करून ठेवला होता, शिवणीचाच, सावलीत वाळवलेला. मेपासून! तेव्हा बैल परत येईल असं मला तरी वाटत नव्हतं.

तन्वी पायरीवर बसली. तिच्याकडे छापील कागद: पोचताना वस्तूची स्थिती, निघताना वस्तूची स्थिती. "सर, काय लिहू?"
मी म्हटलं, पोचताना लंगडा, निघताना बरा. तिने पेनाचं टोपण लावलं. पण नंतर तिनेच भुऱ्याला सपाट फळीवर ठेवून चारही पाय पाहिले. एकही हलला नाही. तेव्हा हातात मोजे नव्हते, तिच्या लक्षात आलं नसावं.

२२ ऑग., शुक्र. पोळा
तोरणाखाली बैल उभे, पाऊस थांबून थांबून. झडत्यांमध्ये, म्हणजे तोरणाखाली म्हणायच्या कवनांमध्ये, एक नवी, पांडूचीच:
"टोकियोले गेला भुऱ्या, काचेमंधी बसला,
चारा नाई, पाणी नाई, फोटोत मातर हासला!"
हर हर महादेव जोरात झालं. तन्वीने अर्थ विचारला. सगळा सांगितला. तिने कुवाबाराला पाठवला.

२३ ऑग., शनि. तान्हा पोळा
एकोणीस बैल. चिमी सगळ्यात लहान, दोरी दोन्ही हातांत, भुऱ्या मागे खडखडत. भुरभुर पाऊस, वाटेत चिखल. तन्वी मागून छत्री धरून, बैलावर.
इंदूबाई: "वा वो पोरी! छत्री बैलाले, अन पोट्टी वली?"
तन्वी एक पाऊल पुढे झाली. छत्री दोघांच्या मधोमध आली आणि दोघंही सारखेच भिजले.

घरोघरी बोजारा. खाऊ, फुगा, कुणी पेन्सिल. भुऱ्याच्या शिंगाला लाह्यांची माळ, पोटापर्यंत चिखल. चिमीने प्रत्येक दारात सांगितलं, "माहा बैल जपानवून आला." कुणी विचारायच्या आधीच. लटारीभाऊ आपल्या दारात उभे होते. ती पोचली तेव्हा त्यांनी फक्त चाकांचा आवाज ऐकला, मान हलवली, आत गेले.

२४ ऑग., रवि.
खोकं उघडून ठेवलेलं, भुऱ्या इंदूबाईच्या घरी. तन्वीला घेऊन गेलो. धानाच्या कणगीशेजारी, गळ्यात दोरी, दोरी कणगीला. पुढ्यात खरोखरचं गवत.
इंदूबाईने आधी जेवू घातलं. मासळीचा रस्सा, भात. तन्वी शाकाहारी निघाली, तरी रस्सा दोनदा घेतला, तुकडे कडेला सारून. मग मी विषय काढला.
"आता थो चिमीचा हाये. दहा वर्साची होईवरी. जपानचा असो का चांद्याचा, कायदा एकच."
"पण काकू, सही केलीये आम्ही. उद्या विमान..."
"तुही सही हाये, माही नाई. चिमीचा त अंगठा बी नाई."

लटारीभाऊंकडे. त्यांचं उत्तर त्याहून वाईट: "माहा थोडीच हाये? मी दुरुस्त करतो फक्त. ज्याच्या घरी हाये त्याले विचारा." जिच्या घरी आहे, तिच्याकडूनच आम्ही आलो होतो.

तन्वी चिडली नाही. फक्त म्हणाली, नोकरी जाईल सर माझी. हे लटारीभाऊंना सांगितलं. त्यांनी पटाशी खाली ठेवली.

२५ ऑग., सोम.
सकाळी दहाला गाडी लटारीभाऊंच्या दारात. खोकं रिकामं. तन्वीने पाळीवरून कुवाबाराला चित्रासकट फोन लावला आणि तसाच अंगणात आणला. नशिबाने आज अंगणातही रेंज टिकली. निळे केस आता हिरवे.

मी सगळं बोललो. सही, अंगठा नसलेली चिमी, दहा वर्षांची होईपर्यंत, नवा पाय, तन्वीची नोकरी. एकही शब्द माझ्याजवळ ठेवला नाही. संग्रहालयाला काय सांगायचं ते मी सांगतो, तो म्हणाला, तन्वीला काही होणार नाही. नवा पाय दाखवायला सांगितला. भुऱ्या इंदूबाईकडे, म्हणून लटारीभाऊंनी काढलेला जुना पाय कॅमेऱ्यासमोर धरला. कुवाबाराने तो ओळखला, हसला, मग हसायचा थांबला.

मग म्हणाला: विचारा, चिमीनंतर नंबर कुणाचा? मला लावता येईल का?
"अजून ठरला नाई. काऊन?"
म्हटलं, तो स्वतःचा नंबर लावू म्हणतोय.
लटारीभाऊंनी ही गोष्ट गावातल्या कुणाही माणसाची असावी तशी घेतली. "त्याच्या घरी लेकरू हाये का?"
विचारलं. नाही म्हणाला. लग्नच केलं नाही. पण इमारतीत साठजण कामाला आहेत, वर रंगवणारे, खाली विकणारे. त्यांची मुलं जिन्यात खेळतात.

लटारीभाऊ माझ्याकडे वळले.
"मास्तर, कारखान्याले घर म्हणाव का?"
आयुष्यभर शास्त्रं वाचली. यावर एकही वचन आठवलं नाही, आणि तसं सांगितलं. दोघांनाही.
"मंग इंदूबाईले विचारा लागते. थिच्या घरून निंगाचा हाये बैल."

इंदूबाई जाळं ओढायला तळ्यावर गेलेली. दुपार कलल्याशिवाय येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. या वेळी तेसुद्धा इंग्रजीत करून सांगितलं.

कुवाबारा म्हणाला, थांबतो.

तन्वीने गाडी परत पाठवली. फोन बंद झाला नाही. लटारीभाऊंनी तो रंध्याला टेकवून उभा केला, तोंड आपल्याकडे करून, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दाराची चौकट तासायला घेतली.